गरोदरपणात तळव्यांना खाज – लिव्हरच्या कोणत्या तपासण्या कराव्यात?

अबोली_सातारा:
धाकट्या बहिणीला ३३वा आठवडा चालू आहे, बाळंतपणाला माहेरी आलीय. आठ दिवस झाले, तळहात-तळपायांना नुसती खाज. पुरळ वगैरे काही नाही. रात्री दोनला उठून मोरीच्या ओल्या फरशीवर पाय टेकवून बसते. आई म्हणते, पोट ताणलं की व्हायचंच, खोबरेल चोळ. तरी मी एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, करून घेतली. अल्कलाइन फॉस्फटेज २६०, पुढे ठळक 'हाय'. अल्ब्युमिन ३.१, 'लो'. एसजीपीटी ६८. डॉक्टरांची वेळ सोमवारची आहे. अजून काय तपासावं?

पॅथॉलॉजीवाली:
अबोली, ज्या दोन आकड्यांनी तू घाबरलीस ते बहुधा गरोदरपणाचेच आहेत. अल्कलाइन फॉस्फटेज वारसुद्धा बनवते, त्यामुळे शेवटच्या तीन महिन्यांत ते चढतंच. अल्ब्युमिन उतरतं कारण रक्तातलं पाणी वाढलेलं असतं. रिपोर्टवरची नॉर्मलची मर्यादा गरोदर नसलेल्यांची असते.

मला खटकतोय तो एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम. तो गरोदरपणात वाढायला नको. त्यात रात्रीची, तळव्यांची, पुरळ नसलेली खाज. सोमवारपर्यंत थांबू नका, आजच फोन करा आणि सीरम बाइल अ‍ॅसिडबद्दल (रक्तातली पित्ताची आम्लं) विचारा. उपाशीपोटी द्यायची गरज नाही. जेवणानंतरच्या नमुन्यात लिटरला १९ मायक्रोमोलच्या पुढे गेलं तर कोलेस्टॅसिस, म्हणजे लिव्हरमधून पित्त नीट न वाहणं, धरतात. १०० च्या पुढे बाळाला पोटातच धोका वाढतो, तेव्हा ३५-३६ आठवड्यांतच प्रसूती करायचा विचार होतो. एसजीपीटी वाढलाय म्हणून हिपॅटायटिसच्या तपासण्याही हव्यात, 'ई' धरून. दूषित पाण्यातून होणारा हा 'ई' गरोदर बाईला फार जड जातो.

दोन_लेकरांची_आई:
माझं बाइल अ‍ॅसिड पहिल्यांदा नॉर्मल आलं होतं. खाज थांबेना म्हणून आठवड्याने परत केलं, ४६! तेव्हा एक रिपोर्ट चांगला आला म्हणून गप्प बसू नका गं. अर्सोच्या (या आजारात देतात त्या) गोळ्यांनी खाज थोडीच कमी झाली. ३८व्या आठवड्यात कळा आणवल्या, आणि बाळंतपणानंतर चारच दिवसांत खाज गेली. आता लेक दुसरीत आहे.

निशिगंध:
ऑटोटॅक्सिन नावाच्या प्रोटीनबद्दल वाचलं. ते करून घ्यावं का?

पॅथॉलॉजीवाली:
चांगला प्रश्न. कोलेस्टॅसिसमध्ये ते वाढतं, साध्या खाजेत नाही, आणि जेवणाने त्यात फरक पडत नाही. पण अजून ते संशोधनातच आहे, नेहमीच्या लॅबमध्ये मिळत नाही. त्याच्या मागे दिवस घालवू नका.

आणि अबोली, डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, उजव्या बरगडीखाली दुखलं किंवा उलट्या सुरू झाल्या, तर त्याच रात्री दवाखाना गाठा. तेव्हा बीपी, प्लेटलेट आणि एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) बघावं लागतं. प्लेटलेट एक लाखाखाली म्हणजे हेल्पची (HELLP, गरोदरपणातला लिव्हर आणि रक्ताचा गंभीर आजार) शंका.

अबोली_सातारा:
ताई, फोन केला. त्यांनी लगेच बोलावलं. बीपी १२०/७६, प्लेटलेट २ लाख १० हजार. बाइल अ‍ॅसिडचा नमुना पुण्याला गेलाय, रिपोर्ट परवा. बाळाच्या हालचालींवर लक्ष ठेवायला सांगितलंय, कमी वाटल्या तर लगेच यायचं. रिपोर्ट आला की इथेच टाकते.