अनुभव धागा : बीएला राज्यशास्त्र होतं का कोणाला?

पऱ्हाटीवाली
काल पुतणीचा बीएचा फॉर्म भरायला सेतूत गेले होते. तिनं राज्यशास्त्रावर खूण केली अन् मागच्या रांगेतले काका म्हणाले, "सोपा आहे, गाईडवर निघते." आमच्या वेळीही हेच ऐकलं होतं.

सर पंचायत राजची 73वी घटनादुरुस्ती लिहून द्यायचे. 1992ची, लागू 24 एप्रिल 1993पासून, अकराव्या परिशिष्टात 29 विषय. सगळं पाठ. त्याच वर्षी आई महिला राखीव जागेवरून ग्रामपंचायतीत निवडून आली (तेव्हा एक तृतीयांश जागा, 50 टक्के 2011मध्ये झालं). मासिक सभेचं रजिस्टर घरी यायचं. सभा झाली असं आत लिहिलेलं, ठराव मंजूर, आईच्या नावापुढे रिकामी जागा, अन् शिपाई शाईचा पॅड घेऊन दारात. आईला सही येत होती हो, तरी पॅड! मी विचारलं, सभा कधी झाली, गणपूर्ती (सभेला लागतात तेवढे सदस्य) होती का? तो म्हणे, "बाई, कॉलेज जोरात सुरू आहे वाटते." आईनं अंगठा दिला नाही. पुढच्या सभेची नोटीस वेळेवर आली.

लिहा तुमचेही, कोणत्याही विद्यापीठाचे.

वाघाडी
आईले सलाम सांगा ताई. मी पण राज्यशास्त्रच, पण झोपून.

झाडीपट्टीकर
एमएला क्षेत्रभेट होती, गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) गाव. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" वालं. तिथं हात वर करून मोजणी नाही, सर्वसहमती. कोणी अडलं तर विषय थांबतो, पुन्हा बोलायचं. आम्ही पेपरात "बहुमताचे शासन" लिहून मार्क घेणारे, डोकं चक्रावलं. एकानं विचारलंच, असं केलं तर कामं कधी होतात? एक आजोबा म्हणाले, कोणी रुसून बसलं तर काम होऊनही बिघडतेच नं. 2009ला त्यांना गावच्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, बांबूचे वाहतूक पास 2011मध्ये ग्रामसभेच्या हाती आले. मधली दोन वर्षं कशात गेली, ते आमच्या कोणत्याच युनिटात नव्हतं.

वाघाडी
जेवाले काय होतं ते सांगा पहिले

झाडीपट्टीकर
भात, वरण, जवसाची चटणी. पोट भरलं का?

मलकापूर_पॅसेंजर
आम्हाला सरांनी हिवाळी अधिवेशनाला नागपूरला नेलं. नागपूर करार (28 सप्टेंबर 1953, त्यातूनच नागपूरला अधिवेशन होतं) शिकवून झालाच होता, म्हणे आता प्रत्यक्ष बघा. आमदाराकडून पास काढले. मोबाईल खाली जमा, गॅलरीत पायावर पाय टाकून बसलो तर मार्शल येऊन खाली घ्यायला लावतो. लक्षवेधी सुरू होती, आमच्याच भागातल्या पाण्याची. बाकं अर्धी रिकामी. उत्तर आलं, "तपासून घेऊ". बाहेर मॉरिस कॉलेज टी पॉइंटला मोर्चा अडवलेला, अंगणवाडीच्या ताया रस्त्यावर बसून डबे खात होत्या. अर्धी पोरं त्यांच्यातच जाऊन बसली, भाकरी-ठेचा मिळाला. सर आधी चिडले, मग म्हणाले, चला, तिसरं सभागृह पण झालं.

पऱ्हाटीवाली
वा सर!! माझा कुकर झाला, परत येते.

कोरडवाहू
ताई तुमच्याकडे कापूस काय भावानं घेऊन राह्यले? इकडं व्यापारी ओल सांगून पाडते.

वाघाडी
@कोरडवाहू शेतीचा धागा वेगळा आहे भाऊ. पण इकडं बी तेच.

बिनपगारी_पदवीधर
बीए होऊन तीन वर्षं झाली अन् एक जण पदवीधर मतदारसंघाचा फॉर्म घेऊन घरी हजर. कलम 171 परीक्षेत सोडलं होतं, दारात भेटलं. विधान परिषदेच्या बाराव्या हिश्शाच्या जागा पदवीधरांच्या. बाबा म्हणे, "पोट्ट्याले नोकरी नाई अन् मतं दोन-दोन." मतदानाला आपला पेन चालत नाही, तिथलाच जांभळा स्केचपेन, पसंतीचे आकडे टाकायचे. माझ्या पुढच्या भाऊनं सवयीनं बरोबरची खूण केली म्हणे. एमकॉम होता.

तासिकावाली
मी शिकवते, तासिका तत्त्वावर. मानधनाचं विचारू नका. सोयाबीन सोंगणीला आलं की वर्गात बोटावर मोजण्याइतकी पोरं. अशाच एका दिवशी केशवानंद भारती खटला घेतला, संसदेला घटनेचा मूळ गाभा बदलता येत नाही हा निकाल : 1973, 13 न्यायाधीश, निकाल 7 विरुद्ध 6. मागच्या बाकावरून आवाज, "मॅडम, एवढी मोठी राज्यघटना एका मतावर?" मी म्हटलं, 1999ला वाजपेयींचं सरकारही एका मतानं गेलं होतं, 269 विरुद्ध 270. तो म्हणे, "मग आमच्या काकाचं बरोबरच झालं. समान मतं पडली, चिठ्ठीत गेला. काकू अजून चिठ्ठी काढणाऱ्या पोराच्या मायशी बोलत नाही." मूलभूत संरचनेचा सिद्धांत राहिला बाजूला, तास त्या पोरावरच संपला.

वाघाडी
काकूची बाजू बरोबर आहे.

बिनपगारी_पदवीधर
मॅडम, सेटसाठी (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) बोम्मई खटल्याच्या नोट्स असतील का?

तासिकावाली
आहेत, हातानं लिहिलेल्या. 1994चा निकाल, कलम 356सोबतच (राष्ट्रपती राजवटीचं) वाचा, सुटा पाठ करू नका. फोटो व्यनित (खासगी निरोपात) टाकते, पण रात्री. आता लाइन जाईल.