मदत हवी आहे: एडिटर लाल, टर्मिनल गप्प

नमस्कार मंडळी, इंदूरहून विचारतोय. काकांच्या नमकीनच्या दुकानासाठी रिअ‍ॅक्ट, टाइपस्क्रिप्ट (टाइप, म्हणजे माहितीचे प्रकार, तपासणारी जावास्क्रिप्ट) आणि व्हीट (पान चालवून बघायचं आणि बिल्ड करायचं टूल) घेऊन ऑर्डरचं वेबपान करतोय. शेवेच्या कार्डाला ‘भाव’ हा प्रॉप (कार्डाला बाहेरून मिळणारी माहिती) नंबर ठेवलाय. मुद्दाम तिथे ‘पाव किलो’ अशी स्ट्रिंग (मजकूर) दिली, तर एडिटरमध्ये लगेच लाल रेघ. पण टर्मिनलवर टीएससी (टाइपस्क्रिप्टचा कंपायलर) नो-एमिट लावून, म्हणजे फाइल न बनवता नुसतं तपासायला, चालवलं, तर चकार शब्द नाही! (व्हीट डेव्ह सर्व्हरवर टाइप तपासत नाही, हे ठाऊक आहे.)

प्रोजेक्टच्या मुळातल्या टीएसकॉन्फिगमध्ये (टाइपस्क्रिप्टच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) फाइल्सची यादी रिकामी, नुसते दोन रेफरन्सेस, म्हणजे दुसऱ्या कॉन्फिग फाइल्सकडे बोट. जेएसएक्स, स्ट्रिक्ट वगैरे सगळी सेटिंग अ‍ॅपच्या वेगळ्या कॉन्फिगमध्ये. म्हणजे टीएससी काहीच तपासत नाहीये का? बिल्ड मोडमध्येच (रेफरन्सेससकट) चालवायचं, की पी हा पर्याय देऊन अ‍ॅपची फाइल दाखवायची? तुम्ही काय करता? काका रोज विचारतात, ‘झालं का रे?’