मुंग्यांचा नकाशा वेगळा हवा की वॉलेसचाच पुरे?

रानवाट: आल्फ्रेड वॉलेस या ब्रिटिश निसर्ग-अभ्यासकाने १८७६ साली कुठे कोणते प्राणी सापडतात यावरून जगाचे सहा प्रदेश पाडले आणि आपण तेच अजून मुंग्यांना लावतोय, हे मला पटत नाही. २०१३चा नवा नकाशापण पक्षी, सस्तन आणि उभयचरांवरच, मुंगी एक नाही त्यात, आणि मुंग्यांच्या १४ हजारांवर जाती नोंदल्यात! आमच्या कोकणातले आंब्यावरचे हुमलेच बघा, म्हणजे पानं शिवून घर करणाऱ्या लाल मुंग्या. पाच-सहा जणी एकमेकींची कंबर धरून साखळी करतात, पानं जवळ ओढतात, मग एक जण जबड्यात मुंगीचीच अळी धरून या कडेवरून त्या कडेवर फिरवते, अळीच्या तोंडातून रेशीम सुटतं आणि पानं शिवली जातात. हीच जात थेट उत्तर ऑस्ट्रेलियात आहे. म्हणजे इंडोनेशियातल्या बाली आणि लोंबोक बेटांमधली वॉलेस रेषा, आशियाचे आणि ऑस्ट्रेलियाकडचे प्राणी वेगळे करणारी, हुमल्यांनी ओलांडलीच ना?

जुना_नकाशा: एक जात पलीकडे गेली म्हणून रेषा खोटी ठरत नाही हो. सगळा गोतावळा बघायला पाहिजे. पानं कापून त्यावर बुरशी पिकवणाऱ्या मुंग्या मूळच्या फक्त अमेरिकेच्या. बुलडॉग मुंग्या ऑस्ट्रेलियाच्या, एक जात तेवढी न्यू कॅलेडोनिया बेटावर. आफ्रिकेत हुमल्यांची जातच वेगळी. वॉलेसचंच चित्र आहे की हे!

रानवाट: आणि श्रीलंका? तिथली ॲन्युरेटस सिमोनी ही एका अख्ख्या उपकुळातली उरलेली एकच जात, तिचे नातेवाईक युरोपातल्या बाल्टिक भागाच्या अंबरमध्ये, म्हणजे झाडाच्या दगड झालेल्या प्राचीन डिंकात, अडकलेले सापडतात. ती कुठल्या खान्यात घालणार?

जुना_नकाशा: श्रीलंका आणि दक्षिण भारत मिळून वॉलेसने वेगळा उपप्रदेश दिलाच होता. आणि जी जात एकाच बेटावर उरलीय तिच्यावरून जगाच्या सीमा कशा काय आखणार?

पालापाचोळा: दोघांनाही सांगतो, आधी नोंदी बघा. पक्षी दुर्बिणीतून दिसतो, मुंगीसाठी जंगलातला पाचोळा चाळून पिशवीत टांगून दोन-तीन दिवस थांबावं लागतं, तेव्हा कुठे बारीक मुंग्या खाली भांड्यात पडतात. कितीतरी ठिकाणी हे कुणी केलेलंच नाही, तिथे नकाशा कोरा दिसतो आणि आपण म्हणतो मुंग्या नाहीत. त्यात माणसाने नेलेल्या वेगळ्या. हवाईत मूळची एकही मुंगी नव्हती, आज आहेत त्या सगळ्या बाहेरच्या. त्या धरल्या तर कुठलाच नकाशा टिकत नाही.

रानवाट: बाहेरच्या वगळायच्या, मान्य. पण नोंदी कमी आहेत म्हणून सस्तन प्राण्यांची रेषा मुंग्यांवर ओढायची, हे नाही मान्य. मृगाच्या सरीनंतर दिव्याभोवती जमतात ना त्या पंखवाल्या राण्या, तशी एखादी वाहत्या ओंडक्यात बसून बेटावर पोचली तर एकटी वसाहत उभी करू शकते. वाघाला हे जमत नाही, मग दोघांची हद्द एकच कशी?