घराच्या रंगकामाच्या ठेकेदाराला परवाना सक्तीचा करावा का?

मोजपट्टी

महाराष्ट्रात घरातल्या वायरिंगला परवानाधारक विद्युत ठेकेदार लागतो, नळजोडणीला महापालिकेचा परवानाधारक प्लंबर लागतो. रंगकामाला काहीच लागत नाही. व्हिजिटिंग कार्ड छापले की माणूस 'पेंटिंग कॉन्ट्रॅक्टर' झाला. त्याच्याकडे असतात ते सगळे धंद्याचे कागद. थोडीच माणसे असतील तर 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली नुसती ऑनलाइन सूचना पुरते. उद्यम नोंदणी आधारवर फुकट निघते. जीएसटी सेवांच्या 20 लाख उलाढालीनंतर. व्यवसायकर वर्षाला 2,500 रुपये. यातला एकही कागद देताना कोणी विचारत नाही की ओल्या भिंतीवर पुट्टी चढवली तर काय होते.

माझा प्रस्ताव असा: छोटी प्रात्यक्षिक परीक्षा, मजुरांचा विमा, आणि परवाना क्रमांक कोटेशनवर छापण्याची सक्ती. आयटीआयमध्ये 'पेंटर जनरल' हा दोन वर्षांचा ट्रेड आहेच. ज्यांनी आयटीआय केले नाही पण हातात काम आहे, त्यांच्यासाठी आधीच्या अनुभवाला मान्यता देणारे प्रमाणपत्रही कौशल्य योजनांत आहे. नवे काही उभारायची गरज नाही, आहे ते सक्तीचे करायचे.

परांची

पूर्ण असहमत. रंगकाम बिघडते ते कारागिराला येत नाही म्हणून क्वचितच. ते दरात बिघडते.

हिशेब मांडतो. 700 चौरस फूट कार्पेटच्या घरात भिंती आणि छत धरून साधारण 2,200 ते 2,400 चौरस फूट रंगवायचे असते. चांगल्या इंटिरिअर इमल्शनच्या डब्यावर दोन हातांसाठी लिटरला 120 ते 140 चौरस फूट लिहिलेले असते. म्हणजे 16 ते 20 लिटर रंग हवा. घरमालक तीन कोटेशने घेतो, सगळ्यात खालचे धरतो, वर आणखी घासाघीस करतो. मग 10 लिटरची बादली येते आणि तीच पाणी घालून सगळीकडे पुरवली जाते. प्रायमरचा हात उडतो. पुट्टीचे दोन हात सांगितलेले असतात, त्यातला दुसरा हात खिडकीसमोरच्या भिंतीलाच मिळतो, कारण तिरका उजेड तिथेच पडतो आणि खळगे तिथेच दिसतात.

हे सगळे करणाऱ्याला काय चुकते आहे ते नीट ठाऊक असते. परीक्षेत तो पहिला येईल. त्याला कसला परवाना देता?

मोजपट्टी

@परांची, म्हणूनच तर परवाना. आज बादली अर्धी आणणाऱ्याला गमावण्यासारखे काहीच नाही. उद्या दुसऱ्या नावाने कार्ड छापेल. क्रमांक असेल तर तक्रार त्या क्रमांकावर चिकटते.

सॅक्रामेंटोकर

कॅलिफोर्नियात ही पद्धत चालू आहे, तपशील देतो. मग ठरवा.

रंगकामाचा वर्ग आहे सी-33. श्रमासह एकूण काम 1,000 डॉलर किंवा त्याहून जास्त झाले की परवाना लागतो (2024 अखेरपर्यंत ही मर्यादा 500 डॉलर होती). त्या खालच्या कामालाही सूट तेव्हाच, जेव्हा मदतीला नोकर ठेवलेला नाही आणि कामाला बांधकाम परवानगी लागत नाही. अर्जदार 18 वर्षे पूर्ण हवा आणि मागच्या 10 वर्षांत 4 वर्षांचा पक्क्या कारागिराच्या दर्जाचा अनुभव हवा. नुसते हेल्पर म्हणून घासकाम केलेली वर्षे यात धरत नाहीत. अनुभव प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाची सही लागते आणि बहुतेक अर्ज इथेच अडतात: रोखीने काम केलेले, पगाराची नोंद नाही, जुना मालक सही द्यायला तयार नाही. शिक्षण किंवा अप्रेंटिसशिपचे काही वर्षांचे श्रेय मिळते, तरी एक वर्ष प्रत्यक्ष कामाचे लागतेच.

अर्जाचे शुल्क 450 डॉलर. मग दोन परीक्षा, एक कायदा-व्यवसायाची आणि एक रंगकामाची. रंगातला मुरलेला माणूस हमखास पहिल्या पेपरात आपटतो, कारण त्यात कराराची कलमे, लीन (थकलेल्या पैशासाठी मालमत्तेवरचा दावा), पगारपत्रक असले प्रश्न असतात. शिवाय बोटांचे ठसे आणि अॅस्बेस्टॉसची पुस्तक उघडून द्यायची छोटी चाचणी. शेवटी 25,000 डॉलरचा बाँड (ठेकेदार चुकला तर भरपाईची हमी) आणि एकल मालकाला परवान्याचे आणखी 200 डॉलर. बाँड म्हणजे तेवढी रक्कम भरायची नसते, वर्षाला हप्ता भरायचा. हप्ता किती बसेल ते तुमच्या क्रेडिटवर.

घरमालकाच्या दृष्टीने खरी ताकद पुढे आहे. ठेकेदार घरकामात आगाऊ रक्कम 10 टक्के किंवा 1,000 डॉलर, यातली जी कमी तेवढीच घेऊ शकतो. आणि परवाना नसताना काम केले तर पैशासाठी कोर्टात जाताच येत नाही, उलट घेतलेले पैसे परत करायची वेळ येऊ शकते.

डॅलसकर

याच अमेरिकेत टेक्सासमध्ये रंगकामाला राज्याचा परवाना नाही. इथली घरे काही पोपडे धरून उभी नाहीत. लोक विम्याचे प्रमाणपत्र मागतात, मागच्या कामांचे पत्ते मागतात, टप्प्याटप्प्याने पैसे देतात. तेवढ्यावर बाजार चालतो.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी आहे. 1978च्या आधीचे घर असेल तर शिशाच्या रंगाचे केंद्राचे नियम लागू होतात. फर्मची नोंदणी आणि कामावर एक प्रशिक्षित माणूस, 8 तासांचा कोर्स. खोलीत 6 चौरस फुटांपेक्षा जास्त किंवा बाहेर 20 चौरस फुटांपेक्षा जास्त रंग घासायचा असेल तर प्लास्टिक अंथरणे, धूळ अडवणे, शेवटी पुसून तपासणे हे सगळे आले. सुंदर रंग मारता येतो का, हे त्यात कोणी बघत नाही. धूळ दुसऱ्याच्या मुलाच्या पोटात जाऊ नये, एवढेच बघतात. परवान्याचा अर्थ मला असाच कळतो.

हिशेबनीस

इकडे परत येऊ या. सोसायटीच्या कामात सरकारने न दिलेला परवाना सोसायटी स्वतः देऊ शकते, फक्त कागद नीट लिहिले पाहिजेत. माझ्या मते धागा इथेच असायला हवा होता.

एक, मोजमाप. 'अख्खी बिल्डिंग इतक्यात' असा ठेका देऊ नका. चौरस फुटाचा दर घ्या आणि मोजायची पद्धत आधी लिहा. भारतीय मानक 1200 प्रमाणे 0.5 चौरस मीटरपर्यंतच्या उघाड्यांची वजावट होत नाही, 0.5 ते 3 चौरस मीटरच्या खिडकी-दाराची एका बाजूची होते. हे न लिहिल्यामुळे शेवटच्या बिलात खिडक्या धरायच्या की नाही यावर महिनाभर भांडण चालते.

दोन, कर. व्यक्ती ठेकेदार असेल तर 1 टक्का, फर्म किंवा कंपनी असेल तर 2 टक्के टीडीएस कापायचा. एक बिल 30,000 च्या वर किंवा वर्षाची बेरीज 1 लाखाच्या वर गेली की तो लागू. पॅन दिला नाही तर 20 टक्के. 'पॅन नंतर देतो' म्हणणाऱ्याची गाळणी इथेच लागते. मटेरियलसह कामावर जीएसटी 18 टक्के. 50 लाखांच्या आतला सेवा पुरवणारा 6 टक्क्यांच्या कंपोझिशनमध्ये (जीएसटीची छोट्या धंद्यांसाठीची सोपी योजना) असू शकतो, पण मग त्याला बिलात वेगळा कर दाखवता येत नाही. कंपोझिशनवाल्याने 18 टक्के लावलेले बिल दिले तर ते सरळ परत करा.

तीन, रंगाच्या बादल्या सोसायटीच्या नावावर डीलरकडून घ्या. बॅच नंबरची नोंद करा आणि रिकाम्या बादल्या शेवटपर्यंत गच्चीवर मोजून ठेवा. बादलीतले टोकन किंवा कोडचे पैसे पेंटरला मिळतात, त्यावरून कटकट नको, ती त्याची वरकमाई आहे. पण झाकणे आधीच उघडून आलेली बादली स्वीकारू नका.

परांची

@हिशेबनीस, तिसऱ्यावर +1. पण रंग कंपनीची '7 वर्षांची हमी' ऐकून हुरळू नका. ती कंपनीने सांगितलेली सगळी पायरी केली असेल तरच. पायरी अशी: आधी दाबाच्या पाण्याने धुणे, शेवाळ असेल तर बुरशीनाशक द्रावण मारून वाळू देणे. भिंत टकटक करून पाहायची. पोकळ वाजली तेवढे प्लास्टर काढून नवे करायचे आणि त्याला पुरते 28 दिवस द्यायचे. केसासारख्या भेगांना क्रॅक फिलर, मोठ्या भेगेला इंग्रजी व्ही आकाराची खाच पाडून पॉलिमर मॉर्टर. मग प्रायमर, मग दोन हात, मधे वाळायला वेळ. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात निविदा उघडणाऱ्या कमिटीला यातले काहीच मिळत नाही. पहिल्याच पावसात पोपडे धरले की शिव्या पेंटरला.

आणि बाथरूमच्या मागच्या भिंतीला मीठ फुटत असेल तर नहाणीचे पाणी आधी बंद करा. त्यावर जगातला कुठलाही परवानाधारक टिकणारा रंग मारू शकणार नाही.

दुहेरी दोर

तुम्ही सगळे भिंतीबद्दल बोलताय. भिंत बिघडली तर पुन्हा रंगवता येते.

सातव्या मजल्यावर दोरीच्या पाटावर बसलेल्या पोराकडे बघा. पाटाचा दोर आणि जीवरक्षक दोर वेगळे हवेत आणि दोन वेगळ्या ठिकाणी बांधलेले हवेत. प्रत्यक्षात दोन्ही एकाच ठिकाणी, तेही पाण्याच्या टाकीच्या पाइपला किंवा गच्चीच्या ग्रिलला. कठड्याच्या धारेवर दोर घासतो तिथे रबर किंवा गोणपाटाची घडी हवी, ती नसते. अंगात पूर्ण शरीराचा हार्नेस हवा, भारतीय मानक 3521 चा. बहुतेकांच्या कमरेला नुसता पट्टा असतो. त्यात पडलेला माणूस दोराने अडला तरी कंबर मोडते.

विम्याच्या पॉलिसीत तर आणखी गंमत. सोसायटीला दाखवायला मजूर भरपाईची पॉलिसी असते. ती उघडून वाचा: कामगार 4, कामाचे वर्णन 'अंतर्गत रंगकाम'. बाहेर दोरीवर 11 जण. कंपनीने दावा नाकारायला एवढे पुरे.

घराच्या आतल्या रंगाला परवाना मागणे हा वेळेचा अपव्यय आहे. पण 3 मीटरच्या वर बाहेरचे काम घेणाऱ्याला परवाना हवा, आणि तो फक्त दोर, हार्नेस आणि विमा यांच्यावर हवा. रंगाची परीक्षा त्यात नको.

मोजपट्टी

@दुहेरी दोर, हे मान्य. माझ्या प्रस्तावातला परीक्षेचा भाग आतल्या कामापुरता मागे घेतो. पण @डॅलसकर यांचा शिशाचा मुद्दा आतल्या कामातच येतो. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची 90 पीपीएम (दहा लाख भागांत 90) मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून आहे. त्याआधीच्या दारे-खिडक्यांवर ऑइलपेंटचे थरावर थर आहेत. मुंबईतल्या 1969 पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारतींत तर कितीतरी. कारागीर ते कोरड्या पॉलिश पेपरने घासतो किंवा ब्लो लॅम्पने जाळून खरवडतो, तोंडाला रुमाल. घरात रांगते मूल असते. याला काय म्हणाल?

परांची

ओल्या पेपरने घासा, जाळू नका, खोली बंद ठेवा, धूळ ओल्या फडक्याने पुसा, झाडू मारू नका. एवढे डब्यावर मराठीत छापले तरी काम होईल. यासाठी परवाना कार्यालय काढाल तर पहिल्या वर्षी परवाने भाड्याने मिळू लागतील. वायरिंगमध्ये सही एकाची आणि काम दुसऱ्याचे हे आजही चालते ना?

आणि कागद कोण काढेल तेही बघा. पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत. सुतार आहे, गवंडी आहे, पेंटर नाही. ज्याला सरकार कारागीर म्हणून मोजत नाही त्याच्याकडूनच परवान्याचे शुल्क घ्यायचे?

सॅक्रामेंटोकर

भाड्याचे परवाने इथेही पकडले जातात. तरीही क्रमांक टाकून ठेकेदाराचा बाँड आणि विमा चालू आहे की संपला, हे घरबसल्या दिसते. @दुहेरी दोर यांनी सांगितलेली 4 माणसांची पॉलिसी अशा यादीत दिसली तर सेक्रेटरी सही करण्याआधी थांबेल.

हिशेबनीस

यादीची वाट कशाला बघायची? पॉलिसीची प्रत ठेकेदाराकडून घेऊ नका. विमा कंपनीच्या शाखेतून ईमेलने मागवा, त्यात मजुरांची संख्या, उंचीचे काम आणि इमारतीचा पत्ता हवा. पहिला हप्ता त्या ईमेलनंतर. शेवटचे 10 टक्के एक पावसाळा उलटल्यावर. या दोन ओळी वर्कऑर्डरमध्ये घातल्या की निम्मी कोटेशने आपोआप मागे जातात.

दुहेरी दोर

जातात खरी. पण ती माणसे मग शेजारच्या सोसायटीत त्याच ग्रिलला दोर बांधतात.