दुखत नाही म्हणून मैदानात?

'गुडघ्याच्या लिगामेंटच्या ऑपरेशनला सहा महिने झाले, सूज नाही, दुखत नाही, मग हिवाळ्यातल्या कबड्डीला उतरायला काय हरकत' असं इथे दोघातिघांनी लिहिलंय. मला नाही पटत राजेहो. एसीएलच्या, म्हणजे गुडघ्यातल्या त्या तुटलेल्या लिगामेंटच्या, जागी बसवलेला ग्राफ्ट (दुसरीकडून घेतलेली स्नायूची दोरी) शरीर हळूहळू नव्याने घडवतं, आणि दीड ते तीन महिन्यांच्या काळात, म्हणजे नेमकं चालणं सुधारतं तेव्हा, तो बराच कच्चा असतो. नॉर्वेतल्या २०१६ च्या अभ्यासात तर नऊ महिन्यांपर्यंत पुनरागमन जितकं लांबवलं, तितकी दर महिन्यामागे पुन्हा दुखापत जवळपास निम्म्याने कमी दिसली.

कापूस वेचणीच्या दिवसांत फिजिओसाठी यवतमाळला सारखं जाणं होत नाही, हे मान्य. पण डॉक्टरांनी उड्यांची परवानगी दिल्यावर एक चाचणी गावच्या ग्राउंडवरही होते. एका पायावर लांब उडी, त्याच पायावर उतरायचं, टेपने मोजायचं. ऑपरेशन झालेल्या पायाची उडी चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के हवी. नुसत्या अंतरावर जाऊ नका मात्र. आमच्या रेडरचं अंतर भरत होतं, पण उतरताना गुडघा आत वळायचा. मोबाईलवर समोरून शूट केलं तेव्हा दिसलं, आणि तो व्हिडिओ पाहून फिजिओने पोट्ट्याला परत मांडीच्या व्यायामावर बसवलं.