एकाचा खवचटपणा खपवून घेईन, दहा जणांच्या स्मायल्या नाही

खाडीकाठचा (धागाकर्ता):

नवी मुंबईतल्या पक्षीनिरीक्षकांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी बरीच वर्षं आहे. ग्रुपचं नाव सांगत नाही. ज्यांना कळायचं त्यांना पुढे वाचून कळेलच. तिथे नुकतंच जे झालं त्यावरून हा धागा काढतोय, पण असले प्रकार सोसायटीच्या, ट्रेकिंगच्या, पुस्तकांच्या ग्रुपवरही सर्रास होतात, तेव्हा पक्ष्यांशी देणंघेणं नसलेल्यांनीही मत द्यावं.

नेरुळच्या एक बाई नव्यानेच आल्या होत्या. सीवूड्सच्या तळ्यावर सकाळी चालायला गेल्या, मोबाईलवर फोटो काढला आणि "आपल्याकडे फ्लेमिंगो आले!" असं लिहून टाकला. फोटोत चित्रबलाक होता. पिवळी लांब चोच, शेपटीच्या बाजूला पंखांवर गुलाबी झाक. नवख्या माणसाला आधी ती झाकच दिसणार. आणि आपल्या शहरात गुलाबी पक्षी म्हणजे फ्लेमिंगो हे महापालिकेनेच भिंती रंगवून आणि चौकात पुतळे उभारून सगळ्यांच्या मनावर ठसवलंय. त्यात बाईंचा काय दोष?

एका ज्येष्ठ सदस्याने लिहिलं, "फ्लेमिंगोने चोच सरळ करून घेतलेली दिसते. डेंटिस्टचा नंबर मिळेल का?"

विनोद म्हणून बरा होता. तेवढ्यावर राहिलं असतं तर मी हा धागा काढलाच नसता. पण मग रांग लागली. हसून डोळ्यांत पाणी आलेल्या स्मायल्या, "+१", "सर आज फॉर्मात". एकाने कावळ्याचा फोटो टाकून "हा गरुड आहे का हो?" विचारलं, दुसऱ्याने "मादी आहे" म्हणून भर घातली. मी मध्येच लिहिलं की हा चित्रबलाक आहे, चोच बघा, फ्लेमिंगोची चोच मधोमध खाली वाकलेली असते. ते त्या गदारोळात वर सरकून गेलं. बाईंनी फोटो डिलीट केला आणि दुपारपर्यंत त्या ग्रुपमधून गेल्याही होत्या.

याच ग्रुपवर मागे एका मान्यवरांनी पांढऱ्या रूपातल्या समुद्रबगळ्याला लहान बगळा म्हटलं होतं. ही चूक भल्याभल्यांची होते हे मान्य. पण तेव्हाचे प्रतिसाद आठवतात: "लाईट खराब होता सर", "अँगलमुळे फसायला होतं". सरांसाठी लाईट खराब होता, बाईंसाठी कावळा. कंपू ओळखायला मला एवढं पुरतं.

माझं म्हणणं असं की उद्धट माणूस हा दुय्यम प्रश्न आहे. उद्धट माणसं सगळीकडे असतात, नाक्यावर असतात, लोकलमध्ये असतात. एकजण तिरकस बोलला तर "याचा स्वभावच तसा" म्हणून आपण सोडून देतो. दहा जण टाळ्या वाजवतात तेव्हा तो ग्रुपचा निकाल होतो. नियम करायचाच असेल तर त्या दहांसाठी करा.

तिरपागडा:

पुन्हा तेच दळण. दर सहा महिन्यांनी कुणाच्या तरी भावना दुखावतात आणि एक धागा निघतो.

अहो, मर्लिन अ‍ॅप फुकट आहे. फोटो टाकला की नाव सांगतं. एक मिनिट घालवायची तयारी नाही, पण चारशे लोकांचे फोन वाजवायचे आहेत, वर उद्गारचिन्ह लावून. अशाला थोडा टोला बसला तर बिघडलं कुठे? त्या बाई जन्मात चित्रबलाक विसरणार नाहीत, पैज लावतो.

सार्वजनिक ठिकाणी लिहायचं तर कातडी जरा जाड हवी. आम्हीपण असेच शिकलो.

खाडीकाठचा:

चित्रबलाक विसरणार नाहीत हे खरं. पुढचा फोटो टाकणार नाहीत हेही खरं. तुम्ही असे शिकलात आणि टिकलात, म्हणून इथे लिहिताय. जे टिकले नाहीत त्यांचं मत या धाग्यावर येणार कसं?

जुना_नेरुळकर:

त्या ग्रुपवरच्या कंपूत मी आहे, त्यामुळे आमची बाजू मांडतो. डेंटिस्टवाला मी नाही, पण स्मायली माझी होती.

आधी हे बघा की हा कंपू जमला कसा. दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना असते, आशियाभर चालते, १९८७ पासून. पहाटे गमबूट घालून चिखलात उभं राहायला कोण येतं? हेच सात-आठ जण. पाणथळ जागांवर भराव पडायला लागला तेव्हा अर्ज कुणी केले, सुट्टी टाकून कचेऱ्यांचे जिने कुणी झिजवले? हेच. वीस वर्षं एकत्र चहा प्यायलेली माणसं एकमेकांच्या विनोदाला हसणारच. त्याला तुम्ही कंपू म्हणा, आम्ही मैत्री म्हणतो. ती ग्रुपच्या आधीची आहे आणि ग्रुप बंद पडला तरी राहील.

दुसरं, त्याच त्याच प्रश्नांचा कंटाळा. "फ्लेमिंगो बघायला किती वाजता जाऊ?" याला माझं ठरलेलं उत्तर आहे: भरतीचं वेळापत्रक बघा, भरती आली की खाडीतला चिखल पाण्याखाली जातो आणि पक्षी आतल्या तळ्यांवर येतात, तेव्हा या. हे उत्तर मी इतक्यांदा टाइप केलंय की फोनला ते पाठ झालंय, "भर" लिहिलं की पुढचं तोच सुचवतो. आणि उत्तर दिल्यावर समोरून काय येतं? "लोकेशन पाठवा."

लोकेशन हा तर वेगळाच ताप आहे. एखाद्या घुबडाचं घरटं कुठे आहे हे आम्ही सांगत नाही, म्हणून आम्ही शिष्ट. सांगितलं तर येत्या रविवारी तिथे लेन्सांची रांग, कुणी मोबाईलवर आवाज वाजवतोय, कुणी फांद्या बाजूला करतोय. ईबर्ड ही पक्ष्यांच्या नोंदींची वेबसाइटसुद्धा काही संवेदनशील प्रजातींची नेमकी जागा जगाला दाखवत नाही. नव्या माणसाला हे समजावून सांगेपर्यंत तो "तुम्ही लोक स्वतःला काय समजता" इथपर्यंत पोचलेला असतो. उद्धटपणा एका बाजूनेच येतो असं समजू नका.

सव्वाआठची_ठाणे_लोकल:

@जुना_नेरुळकर, काका, ही तक्रार इंटरनेटइतकीच जुनी आहे. युजनेट नावाचं चर्चेचं जाळं होतं, वेब यायच्या आधीपासूनचं. दर सप्टेंबरला अमेरिकेतल्या विद्यापीठांत नवी मुलं यायची, त्यांना नेट मिळायचं, धुडगूस घालायची आणि महिनाभरात रीतभात शिकायची. १९९३ नंतर घरगुती ग्राहकांचे लोंढे येऊ लागले आणि जुन्यांनी नाव ठेवलं, "न संपणारा सप्टेंबर". नवे लोक येणं थांबलंच नाही, म्हणून शिकवणंही थांबेना.

पण त्यांनी नुसतं नाव ठेवलं नाही. नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं लिहून ठराविक दिवसांनी पुन्हा टाकायची पद्धत त्याच जाळ्यावर रुजली. तुमचं भरतीचं उत्तर फोनला पाठ आहे ना? मग ते ग्रुपच्या वर्णनात टाकायला काय हरकत आहे? घरट्याच्या जागा का सांगत नाही तेही तिथेच लिहा. माणूस ग्रुपमध्ये शिरतानाच वाचेल. निम्मी चिडचिड तिथेच संपेल.

आणि तुम्ही ईबर्डचं नाव काढलंत म्हणून चूक सांगायच्या पद्धतीबद्दल एक. तिथे मी एकदा भलतीच नोंद केली होती. स्थानिक तपासनीस, तोही स्वयंसेवकच, त्याची ईमेल आली: नोंद इथल्यासाठी असामान्य वाटते, फोटो किंवा वर्णन देऊ शकाल का, हा दुसरा पक्षी तर नसेल? एवढंच. मला सुधारायला जागा होती आणि बघायला प्रेक्षक नव्हते. विकिपीडियावर तर नवख्यांना चावू नका असा चक्क मार्गदर्शक तत्त्वांचा भाग आहे. म्हणजे तिथेही जुने चावत असणार, त्याशिवाय का लिहावं लागलं!

ठाण्याची_काकू:

गोखले रोडवरून रिक्षात लिहितेय, चुका पोटात घाला.

आमच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाला १८९३ पासूनची परंपरा आहे. तिथे किंवा ठाण्यात कुठेही व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरं होतात, दर वेळी कुणीतरी उठून प्रश्नाऐवजी स्वतःचं चरित्र सांगतं. कुणी उठून त्याची टर उडवत नाही. फार तर दोघं एकमेकांकडे बघतात. मग तीच माणसं घरी जाऊन ग्रुपवर अशी का वागतात?

तिरपागडा:

काकू, कारण तिथे पंख्याखाली झोप लागलेली असते.

सव्वाआठची_ठाणे_लोकल:

काकू, जॉन सुलर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्ये यावर निबंध लिहिला होता. ऑनलाइन आल्यावर माणसाचा संकोच का गळून पडतो, याची त्याने सहा कारणं दिली. खोटं नाव हे त्यातलं एक. समोरच्याचा चेहरा दिसत नाही हे वेगळं कारण, आणि उत्तर लगेच येत नाही हेही वेगळं. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर नाव, नंबर, डीपीत नातवंडं, सगळं उघड असूनही लोक घसरतात. बाईंचा उतरलेला चेहरा त्या दहांपैकी एकालाही दिसला नाही.

जुना_नेरुळकर:

हे पटतंय. स्मायली टाकताना मी वाशीला भाजी घेत होतो, बाईंचा विचारही मनात नव्हता. मित्राचा विनोद आला, अंगठा पडला.

खाडीकाठचा:

काका, माझा धागा नेमका त्या अंगठ्याबद्दलच आहे.

अ‍ॅडमिन_नाइलाज:

मी दुसऱ्या एका मोठ्या ग्रुपचा अ‍ॅडमिन आहे, खारघर-पनवेलकडचा. सगळे अ‍ॅडमिनला बोलतात. काढलं तर हुकूमशहा, नाही काढलं तर कंपूतला. वर उद्या कुणी पोलिसात गेलं तर मलाच उचलतील. म्हणून मी सगळे वाद "पर्सनलवर घ्या" म्हणून मिटवतो.

वकिलीणबाई_घोडबंदर:

उचलणार नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये सांगितलंय की सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येणार नाही. दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवून केलेलं दिसायला हवं. तेव्हा न्यायालयाने हेही नोंदवलं होतं की अ‍ॅडमिनच्या हातात सदस्य घेणं आणि काढणं एवढंच असतं. २०२२ पासून अ‍ॅडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. म्हणजे जबाबदारीची भीती कमी आणि हातातलं हत्यार जास्त. नाइलाज फारसा उरलेला नाही, साहेब.

आणि हो, "सायबरला तक्रार करा" असं कुणी सुचवायच्या आत सांगते. नुसत्या खवचटपणाला कलम नाही आणि नसावं. होतं एक, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ. २०१२ साली मुंबई बंदबद्दल फेसबुकवर एकीने लिहिलं आणि दुसरीने ते लाईक केलं म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली होती, पालघर तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते कलम २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. धमकी, बदनामी, पाठलाग यांना कायदा आहे, तिथे जरूर जा. डेंटिस्टच्या विनोदासाठी कोर्ट नको.

वाचनमात्र_होतो:

मी त्याच ग्रुपमधून पूर्वी बाहेर पडलोय. मला कुणी उद्धट बोललं नाही. मला बोअर झालं. निम्मे मेसेज "त्या दिवशी उरणला जे झालं ते" छापाचे, आणि त्या दिवशी उरणला काय झालं ते कधीच कुणी सांगत नाही.

उद्धट बोललं तर निदान तुम्ही दिसलात तरी म्हणायचं. आमच्याकडे कुणी बघतच नव्हतं. आता तर व्हॉट्सअ‍ॅपवर गुपचूप निघता येतं, सूचना फक्त अ‍ॅडमिनला जाते. पूर्वी "अमुक बाहेर पडले" अशी ओळ यायची, कुणी तरी "काय झालं?" विचारायचं. तेही गेलं.

अ‍ॅडमिनसाहेबांच्या "पर्सनलवर घ्या"बद्दल एक. माझ्या बायकोची एका पाककृतींच्या ग्रुपवर अशीच टिंगल झाली. नंतर पाच-सहा जणींचे पर्सनलवर मेसेज: मनाला लावून घेऊ नकोस, ती तशीच आहे. ग्रुपवर एकीनेही एक ओळ लिहिली नाही. टिंगल चौकात आणि सांत्वन बोळात, असं का?

तिरपागडा:

हे मात्र बरोबर आहे. मी फटकळ आहे, पण जे बोलायचं ते सगळ्यांसमोर. पर्सनलवर गोड बोलणाऱ्यांचा मला जास्त राग येतो.

बाकी मत कायम. उद्या कुणी कावळ्याला गरुड म्हणालं तर मी हसणार.

खाडीकाठचा:

हसा. पण आधी कावळा आहे असं लिहा आणि मग हसा. त्या दिवशी इतक्या जाणकारांत मी सोडून एकाने तरी पक्ष्याचं नाव लिहिलं का? अ‍ॅडमिनलाही माझं एवढंच सुचवणं आहे: पहिल्या टोमण्याला हात लावू नका, त्यावरचं कोरस काढून टाका. आणि ते काढल्याचं ग्रुपवरच सांगा.

जुना_नेरुळकर:

कोरस काढलं तर निम्मा ग्रुप रिकामा होईल. त्यापेक्षा नवख्यांसाठी "हा पक्षी कोणता" असा वेगळा ग्रुप काढू. मी तिथे आळीपाळीने बसायला तयार आहे. इकडे आम्हाला मोकळं सोडा.

खाडीकाठचा:

म्हणजे त्यांची पंगत वेगळी. नको, काका. तुमचं भरतीचं उत्तर त्यांना तुमच्या गप्पांच्या मध्येच मिळायला हवं, नाहीतर वीस वर्षांनी गणनेला गमबूट घालून कोण येणार?

जुना_नेरुळकर:

येणारे येतात हो. मीही टोमणे खाऊनच आलो. ग्रुपच्या वर्णनाचं मात्र आज रात्री लिहून टाकतो, घरट्यांचं आणि भरतीचं. त्या नेरुळच्या बाईंचा नंबर कुणाकडे असेल तर मला द्या.

वाचनमात्र_होतो:

पर्सनलवर?