ऑपरेशननंतर वजन कमी, मदत हवी आहे (लवकर)

घाईत_प्राची | मंगळवार, रात्री 11:40
बाबांचं ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले. वजनाचं काहीतरी करायलाच हवं. काय द्यायचं, काय बंद करायचं? सर्जनची तारीख पुढच्या सोमवारची आहे आणि वॉर्डात फोन कुणी उचलत नाही. नेटवर वाचून डोकं उठलंय. अनुभव असेल त्यांनीच लिहा प्लीज.

फिरस्ता | 11:52
अनुभव आहे म्हणून लिहितो. बायपास झाली तेव्हा मी 91 किलो होतो, आता 78. दिवसातून दोनदाच जेवायचं, पंचावन्न मिनिटांत उरकायचं, मधे काही नाही. रोज शिवाजी पार्कला तीन फेऱ्या. भात पूर्ण बंद. तीन महिन्यांत फरक दिसेल, माझी हमी.

मेतकूट | 11:58
फिरस्ता, त्यांनी बायपास म्हटलंय कुठे? आणि पाच आठवड्यांच्या पेशंटला दोनदा जेवायला लावताय? इथे पुन्हा दीक्षित-दिवेकर डाएटचा वाद सुरू करू नका. मागचा धागा त्यापायीच बंद पडला.

फिरस्ता | रात्री 12:03
मी फक्त माझा अनुभव सांगितला. तुम्ही काय डॉक्टर आहात?

घाईत_प्राची | 12:10
अहो, वजन कमी करायचं नाहीये! आपोआप कमी होतंय!! 68 होते, आज 59. पँट दोरीने बांधतात. वाढवायचं कसं ते सांगा.

रव्याचा_लाडू | 12:15
अगं मग आधी सांगायचं ना! सोप्पं आहे. सकाळी डिंकाचा लाडू, अकराला केळ्याचं शिकरण, दुपारी तूप-गूळ-पोळी, झोपताना दुधात शतावरी कल्प. माझ्या जावेला सिझेरियननंतर हेच दिलं, महिन्यात गाल वर आले.

काका_मुलुंडचे | बुधवार, सकाळी 6:20
वजन कुठल्या काट्यावर करता? आमच्याकडे घरचा काटा आणि केमिस्टकडचा काटा यांत अडीच किलोचा फरक निघाला. पूर्वी स्टेशनवर लाल-पिवळे दिवे लागणारी मशिनं असायची. नाणं टाकलं की जाड पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं, एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. माझ्याकडे दादरचं एक अजून आहे. "आप मिलनसार हैं" असं आलं होतं.

मेतकूट | 6:45
काका, भविष्य खोटं निघालं 😀

वॉर्ड_नऊ | 7:05
प्राचीताई, मी सर्जिकल वॉर्डातून रिटायर झालेली सिस्टर. वरचं काहीही द्यायच्या आधी सांगा, ऑपरेशन कसलं झालं? पोट पूर्ण काढलं, अर्धं काढलं, की आतडं? शुगर आहे का? आणि खाल्ल्यावर नक्की काय होतं?

घाईत_प्राची | 7:30
पोटाचं. लिहिलं होतं ना?

मेतकूट | 7:32
नाही लिहिलंत.

घाईत_प्राची | 7:50
सॉरी. लोकलमध्ये आहे, भांडुपपासून उभी. पोटात गाठ होती, ती काढली. शुगर नाही. बाबा खातच नाहीत हाच प्रॉब्लेम आहे. आई एवढा तूप घालून शिरा करते, चार घास खातात की ताट सरकवतात. घाम येतो, छातीत धडधडतं म्हणतात, आडवे होतात, मग संडासला धाव. आम्हाला वाटलं अशक्तपणा. म्हणून दुपारी ग्लुकोजचं पाणी देतो, ते प्यायल्यावर तर जास्तच. आई रडकुंडीला आलीय.

हितचिंतक_77 | 7:58
गाठ म्हणजे कॅन्सर का? कुठली स्टेज?

वॉर्ड_नऊ | 8:04
हितचिंतक, ते इथे विचारायची गरज नाही. ताई, घरी पोचलात की डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनचं नाव काय लिहिलंय ते बघून तसंच्या तसं लिहा. आणि हा घाम-धडधड खाल्ल्यावर किती वेळाने येते?

पित्तप्रकृती | 8:30
हे सरळ सरळ पित्त आहे. कोकमचं सरबत द्या, खडीसाखर घालून. नऊ वर्षं अॅसिडिटी होती, गेली.

घाईत_प्राची | सायंकाळी 8:55
कार्डावर "सबटोटल गॅस्ट्रेक्टमी" आहे. खाली "स्मॉल फ्रीक्वेंट फीड्स" असं लिहून पुढे काहीतरी खरडलंय, वाचता येत नाही. धडधड साधारण पंधरा-वीस मिनिटांनी येते. आज आईने मुद्दाम घड्याळ लावून बघितलं.

वॉर्ड_नऊ | 9:20
म्हणजे जठराचा मोठा भाग काढलाय. आता नीट वाचा आणि आईंनाही वाचून दाखवा.

जठर ही आपली कोठी. आलेलं अन्न धरून ठेवते आणि थोडं थोडं पुढे सोडते. बाबांची कोठी आता लहान झाली आणि तिचं दारही राहिलं नाही. शिरा, गूळ, ग्लुकोज असलं गोड एकदम लहान आतड्यात उतरतं, ते पातळ करायला शरीर तिथे पाणी ओढतं. म्हणून घाम, धडधड, गुडगुड आणि जुलाब. याला डंपिंग म्हणतात. खाल्ल्यावर दहा ते तीस मिनिटांत होतं ते हे. काहींना एक ते तीन तासांनी होतं, तेव्हा रक्तातली साखर खाली गेलेली असते, हातपाय थरथरतात. तुम्ही सांगताय ते पहिल्यासारखं वाटतं, पण पक्कं सर्जनच सांगतील.

बाबा नखरे करत नाहीयेत. खाल्लं की त्रास होतो हे शरीराने शिकून घेतलंय, म्हणून ताट सरकवतात.

उद्यापासून ग्लुकोजचं पाणी, सरबत, शिरा, गूळ बंद. शतावरी कल्पात निम्म्याहून जास्त साखरच असते, तोही नको. तीन जेवणांऐवजी सहा-सात वेळा, दर खेपेला छोटी वाटी, कार्डावरचं "स्मॉल फ्रीक्वेंट फीड्स" म्हणजे हेच. जेवताना पाणी नाही, अर्धा तास आधी किंवा अर्ध्या तासानंतर, घोट घोट. घास बारीक चावून. खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटं पाठीला उशी लावून रेलून बसवा.

रव्याचा_लाडू | 9:31
म्हणजे मी विष सांगितलं असं म्हणायचंय का? पिढ्यान् पिढ्या डिंकाचे लाडू खातोय आपण.

वॉर्ड_नऊ | 9:40
तुमच्या जावेचं जठर जागेवर होतं हो ताई. तिला लाडू बरोबरच होते. तूपही बंद करायला सांगत नाहीये, मऊ भातावर चमचाभर तूप चालेल.

घाईत_प्राची | 9:52
मग वजन वाढणार कशाने? गोड नाही, पाणीही मोजून, उरलं काय?

डाळतांदूळ | 10:10
मी आहारतज्ज्ञ आहे, थोडी भर घालते. शस्त्रक्रियेनंतर साधारणपणे किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 59 किलोला रोज 70 ते 88 ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम मिळतात, म्हणजे नुसत्या वरण-भातावर हे भागत नाही. पनीर कुस्करून पेजेत, अंड्याची भुर्जी मऊ करून, दही, मुगाचं धिरडं, माशाचा काटे काढलेला तुकडा, असं प्रत्येक खेपेला काहीतरी घाला. नुसतं दूध प्यायल्यावर पोट बिघडत असेल तर दूध कमी करून दही वाढवा. प्रोटीन पावडर घ्यायचीच असेल तर डब्यावर साखर किती लिहिलीय ते वाचा, बऱ्याच डब्यांत भरपूर असते. बी12 आणि लोहाबद्दल सोमवारी विचाराच. बी12 शोषायला जठरातून एक घटक यावा लागतो, आणि यकृतातला साठा हळूहळू संपतो, त्यामुळे कमतरता उशिरा दिसते.

फिरस्ता | 10:25
एवढं थोडं थोडं खाऊन इन्सुलिन सारखं वर राहणार. विचार करा.

मेतकूट | 10:27
फिरस्ता. झोपा.

घाईत_प्राची | 10:40
सोमवारपर्यंत थांबू का?

वॉर्ड_नऊ | 10:58
पाच आठवड्यांत 13 टक्के वजन गेलंय. या ऑपरेशननंतर वजन उतरतंच, पण एवढं सर्जनला आधी कळायला हवं. उद्या सकाळी ओपीडी उघडायच्या आत कुणाला तरी कार्ड घेऊन पाठवा, फोनच्या भरवशावर राहू नका. चिठ्ठीवर तीन ओळी लिहा: किती किलो गेले, काय खाल्लं की त्रास होतो, किती मिनिटांनी. तेवढं बघून ते वेळ काढतील. पुढे काही औषधोपचार ठरला असेल तर त्याआधी वजन टिकणं महत्त्वाचं, ते तिथेच बोला, इथे नाही लिहिलंत तरी चालेल. ताप आला, खाल्लेलं सगळं उलटून पडलं, शौच काळी झाली, टाक्यातून पू आला किंवा एका पायाची पोटरी सुजली तर मात्र सोमवार-मंगळवार बघत बसायचं नाही, सरळ कॅज्युअल्टी.

आणि रोज सकाळी संडासला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर, त्याच कपड्यांत वजन. मुलुंडच्या काकांचं तेवढं बरोबर आहे.

काका_मुलुंडचे | 11:05
धन्यवाद सिस्टर.

घाईत_प्राची | शुक्रवार, दुपारी 2:15
काल भाऊ कार्ड घेऊन गेला, आज बोलावलं. डंपिंगच म्हणाले. रक्त घेतलंय, आहाराचा कागदही दिला, यावेळी टाईप केलेला. काल आईने आठ छोट्या वाट्या वेगळ्या काढल्या, स्टीलच्या, माझ्या बारशाच्या. सकाळी सातला मऊ भात आणि पनीर, बाबांनी वाटी पुसून खाल्ली. घाम नाही. चाळीच्या गॅलरीत दोन फेऱ्याही मारल्या. दहाला अंडं दिलं, ते अर्धं टाकलं. आजचं वजन 58.8. लिहून ठेवलंय.

बाबा विचारतायत बोंबील कधी?

वॉर्ड_नऊ | 2:40
कागदावर मासे असतील तर ओले बोंबील, काटा काढून, हळद-मिठाच्या पाण्यात शिजवून. एकच, तोही अर्धा सकाळी अर्धा दुपारी. तळलेले आत्ता नाहीत.

घाईत_प्राची | 2:44
बाबा म्हणाले, शिजवलेला बोंबील म्हणजे शिक्षा आहे. पण चार वाजता द्या म्हणालेत.